पाटीचें अक्षर

आयुष्याचीं छत्तीस वर्षें खडूनें फळ्यावर अक्षरें काढण्यांत घालविलेल्या माणसाकडे उतारवयांत एका दुकानाच्या पाटीचें अक्षर निवडण्याचें काम आलें, तर त्यानें तें नाकारूं नये, असें आम्हांस वाटतें. काम लहान दिसतें; पण तें अंगावर घेतल्यावर व्याकरण, कायदा, पदार्थविज्ञान आणि घरांतल्या माणसांचीं मनें हे चार विषय एकदम समोर येऊन बसतात, आणि त्यांतला चौथा सर्वांत अवघड. गेल्या वर्षीं असा प्रसंग आमच्यावर आला. ज्यांच्या घरीं एखादें लहानसें दुकान आहे, किंवा ज्यांचा मुलगा, पुतण्या तें काढण्याच्या विचारांत आहे, अशा वाचकांस आमचा अनुभव उपयोगीं पडेल, म्हणून तो थोडा विस्तारानें सांगतों.

दुकान आमच्या धाकट्या भावाचें. आंबापोळी, फणसपोळी, कोकम, कुळथाचें पीठ, आणि हंगामांत हापूसच्या पेट्या, असा त्यांतला माल. रत्नागिरीच्या रामआळींत तें तीस वर्षें चाललें. भाऊ तीन वर्षांपूर्वीं गेला. त्यानंतर भावजयीनें आणि पुतण्यानें तें सांभाळलें. आळींतलें गिऱ्हाईक पाटी वाचून येत नाहीं, तें पायाच्या सवयीनें येतें. पण आळींतली जागा सोडावी लागली, आणि मारुति मंदिराच्या बाजूला हमरस्त्यावर गाळा घ्यावा लागला, तेव्हां सारा हिशेबच बदलला. येथें गिऱ्हाईक म्हणजे गणपतिपुळें पाहून संध्याकाळीं परतणारा, गाडींत बसलेला, उद्यां सकाळीं निघून जाणारा परका माणूस. दिवस मावळल्यावर त्याच्या दृष्टीनें पाटी हेंच दुकान. गाळ्याचें भाडें आळींतल्या भाड्याच्या तिप्पट. अनामत भरून जी रक्कम उरली तिच्यांत दिव्यांची एकच पाटी होण्यासारखी होती. ती फसली असती, तर दुसरी करण्याची ऐपत घरांत नव्हती.

दुकानाचें नांव येथें देत नाहीं. लेखाच्या आडून जाहिरात केली असें कोणी म्हणावयास नको. नांवाचें शेवटचें पद 'भांडार' असें आहे, आणि त्याखालीं 'कोंकणांतील अस्सल जिन्नस' अशी एक ओळ होती, एवढें वाचकांस पुरे.

जुनी पाटी भावानें स्वतः रंगविली होती. पत्र्यावर साईच्या रंगाचा हात, आणि त्यावर तांबड्या तैलरंगांत अक्षरें. आमच्या वडिलांनीं आम्हां दोघांसही लहानपणीं बोरूनें कित्ते गिरवायला लाविलें. बोरूचें टोंक तिरकें कापलेलें असतें. हात जसा वळेल तशी रेघ कोठें जाड, कोठें बारीक उमटते. पोथ्यांमधून देवनागरीचें जें रूप आपल्या डोळ्यांत बसलें आहे, तें बहुतेक या तिरक्या कापाचेंच देणें आहे. आमचें अक्षर फळ्यावर जाऊन सरळ आणि शाळकरी झालें. भावाच्या बोटांत मात्र बोरूचें वळण शेवटपर्यंत राहिलें. त्याचा 'भ' डावीकडे मोकळा, ऐसपैस, आणि 'र' ची शेपटी किंचित् लांब. रंगाच्या डब्यांत ब्रश बुडवून त्यानें तें कधीं काढलें, तें आम्हीं पाहिलें नाहीं. पण पाटीखालून जातांना आम्ही तें एखाद्या सहीप्रमाणें ओळखीत असूं.

पुतण्याची कल्पना निराळी होती. त्याला प्रत्येक अक्षर सुटें, भिंतीपासून चार बोटें पुढें आलेलें आणि आंतून उजळलेलें हवें होतें. शिवाय त्याचा रंग घटकेघटकेला बदलावा, आणि वर ठळक इंग्रजी नांव असावें. आम्हीं त्याला हंसण्यावारी नेलें नाहीं. गाळ्याच्या एका बाजूस मोबाइलचें दुकान आहे आणि दुसऱ्या बाजूस औषधांचें. दोघांचे दिवे असे कीं मधल्या अंधारांत आपली तांबडी पाटी म्हणजे पाटीच नव्हे. एके दिवशीं बोलण्याच्या ओघांत तो म्हणाला, "काका, तुम्हांला बाबांचें अक्षर ठेवायचें आहे. मला गाळ्याचें भाडें द्यायचें आहे." हें त्याचें म्हणणें खरें होतें, आणि त्याला उत्तर द्यायचें तर तें भाड्याच्याच भाषेंत द्यावें लागणार होतें.

तेव्हां आम्ही पाटी करणाऱ्याच्या कारखान्यांत जाऊन बसूं लागलों. शिक्षकाला शिकणें लवकर येतें कीं नाहीं ठाऊक नाहीं, पण प्रश्न विचारण्याची लाज वाटत नाहीं, हा एक फायदा. तेथें कळलें कीं दिव्यांच्या पाटीचे मुख्य प्रकार चारच. पहिला, फ्लेक्सचें कापड ताणून बसविलेली पेटी आणि आंत नळ्या. स्वस्त, पण दोन उन्हाळ्यांत पिवळी पडणारी. दुसरा, ॲक्रिलिकचीं सुटीं अक्षरें, ज्यांच्या पोटांत दिवे असतात. तिसरा, पोलादी अक्षरें, ज्यांच्या पाठीमागून उजेड भिंतीवर सांडतो. आणि चौथा, दोरीसारखी वळणारी उजळ नळी, जिला बाजारांत निऑन म्हणतात.

हें निऑन नांव मात्र आतां नुसतें नांवापुरतें उरलें आहे. १८९८ सालीं लंडनमध्यें रॅम्से आणि ट्रॅव्हर्स या दोघांनीं द्रवरूप हवेंतून एक नवा वायु वेगळा केला, आणि ग्रीक भाषेंतल्या 'नवा' या अर्थाच्या शब्दावरून त्याला हें नांव दिलें. १९१० सालीं पॅरिसमध्यें जॉर्ज क्लोद यानें त्या वायूनें भरलेल्या कांचेच्या नळ्या पेटवून दाखविल्या, आणि त्यांतून दुकानांच्या पाट्यांचा धंदा जगभर पसरला. कांच तापवून अक्षराच्या आकारांत वळवायची, जेथें नळी मागें फिरते तो भाग काळ्या रंगानें झांकायचा, आणि तिच्यांतून हजारों व्होल्टांचा प्रवाह सोडायचा, असें तें कसबाचें काम. आजची बाजारांतली नळी ही सिलिकॉनची असते आणि तिच्यांत एल.ई.डी.च्या बारीक दिव्यांची माळ असते. या दिव्यांतला निळा रंग साधण्यास शास्त्रज्ञांस फार काळ लागला. तो साधणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांस २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. निळ्या दिव्यावर पिवळ्या द्रव्याचा लेप दिला कीं पांढरा उजेड होतो. ज्या उजेडाखालीं आज आपण आमसुलें तोलून देतों, तो उजेड या युक्तीचा आहे.

कारागिरानें सुटीं अक्षरें घ्या असा आग्रह धरला. त्याच्याकडच्या नमुन्यांत इंग्रजी अक्षरें खरोखर देखणीं होतीं. त्यांच्या शेजारीं मराठी नमुना पाहिला, तेव्हां मात्र आमच्या मनांत एक शंका आली, आणि पुढचा सारा विचार त्या शंकेंतून निघाला. इंग्रजी अक्षरें जमिनीवर उभीं असतात. आपलीं अक्षरें दोरीवर वाळत घातलेल्या धोतरांप्रमाणें वरून लोंबतात. शिरोरेघ ही ती दोरी. इंग्रजी शब्द सुटा केला तरी शब्दच राहतो. मराठी शब्द सुटा केला कीं दोरी जागोजाग तुटते. प्रत्येक अक्षरासाठीं वेगळी पेटी, म्हणजे दोन पेट्यांमध्यें फट, आणि फटींत काळोख. त्यांतून पावसाळ्या-दोन पावसाळ्यांत प्रत्येक पेटी आपल्या वजनानें थोडी थोडी कलते, आणि सरळ शिरोरेघेच्या जागीं दांत पडलेल्या माणसाचें हंसूं दिसूं लागतें.

हें झालें अक्षरांचें. मग वरची मात्रा, खालचा उकार, आणि सर्वांत दुबळा तो अनुस्वार. एल.ई.डी.चा एक दिवा बोटाएवढ्या लांबीच्या डबींत येतो. रुपयाएवढ्या टिंबांत ती डबी मावत नाहीं. मग टिंब अंधारें ठेवतात, किंवा बाजूच्या उजेडावर भागवितात, आणि भिंतीला चिकटवून देतात. अनुस्वार हा स्वराच्या आश्रयावांचून राहत नाहीं, असें आम्ही वर्गांत शिकवीत आलों. येथें त्याला आश्रय काय, तर दोन थेंब चिकटद्रव्य! मे २०२१ मध्यें तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलें. त्यानंतर कांहीं आठवडे एका फळवाल्याकडे आम्हीं 'आबे' विकत घेतले. दुसऱ्या एका ठिकाणीं वेलांटीचा दिवा गेला होता. तेथें दिवसां 'मिठाई' मिळे आणि रात्रीं 'मठाई'. मुलांनीं असें लिहिलें असतें तर आम्हीं तांबड्या शाईनें गोल केला असता.

दुसरी अडचण संगणकाची. पुतण्यानें नांव फोनवर टंकून कारागिराला पाठविलें, आणि त्याच्या पडद्यावर 'जिन्नस' या शब्दाचीं हाडें वेगळीं झालीं: वेलांटी उडी मारून भलत्या बाजूला गेली, आणि अर्धा 'न' पाय मोडून पूर्ण होऊन बसला. याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. पूर्वीं मराठी टंकलेखनासाठीं जो तो कारखाना इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपल्या सोयीनें मराठी तुकडे बसवी. एकाची मांडणी दुसऱ्यास कळत नसे. १९९१ पासून युनिकोड नांवाच्या व्यवस्थेंत प्रत्येक अक्षरास ठरलेला क्रमांक मिळाला, पण अर्धें अक्षर जोडणें आणि वेलांटी योग्य जागीं नेणें हें काम फॉन्ट आणि चित्र काढण्याचा कार्यक्रम या दोघांवर सोंपविलें गेलें. ज्या दुकानांत कार्यक्रम जुना असतो तेथें जोडकाम होत नाहीं, आणि कापणारें यंत्र बिचारें जें दिसेल तें कापतें. म्हणून वाचकांस आमची एकच सूचना आहे: पत्रा कापण्यापूर्वीं पाटी कागदावर पूर्ण आकारांत छापून मागावी, आणि घरांतल्या शाळेंत जाणाऱ्या मुलाकडून अक्षर-अक्षर फोडून वाचवून घ्यावी. मोठीं माणसें शब्द ओळखून पुढें जातात. चूक मुलालाच दिसते.

फॉन्टांचेंही तसेंच. संगणकावर सर्वत्र आढळणारा 'मंगल' हा र. कृ. जोशी यांच्या हातचा. पण तो पडद्यावरच्या बारीक मजकुरासाठीं केलेला आहे, पाटीसाठीं नव्हे. पाटीचें अक्षर हें नाटकाच्या जाहिरातींतल्या अक्षराचें भावंड. कमल शेडगे यांनीं पन्नासांहून अधिक वर्षें नाटकांचीं नांवें हातानें रेखाटलीं, आणि प्रत्येक नांवाला त्याचा स्वभाव दिला. २०२० सालीं ते गेले. कारागिराच्या यादींतून एखादें अक्षर बोटानें निवडतांना त्यांची आठवण होणें साहजिकच होतें.

रत्नागिरीला अक्षराचा विषय परका नाहीं. लोकमान्य टिळक येथें १८५६ सालीं जन्मले. पुढें केसरीच्या छापखान्यासाठीं देवनागरीचे शेंकडों खिळे कमी कसे करतां येतील, याचा त्यांनीं खटाटोप केला. १९२४ ते १९३७ या काळांत सावरकर येथें स्थानबद्ध होते. त्यांनीं लिपिशुद्धीची चळवळ केली. 'इ', 'उ', 'ए' यांच्या जागीं 'अ' लाच वेलांटी, उकार, मात्रा देण्याची त्यांची पद्धत 'किर्लोस्कर' मासिकानें छापूनही दाखविली. या सर्वांच्या मुळाशीं एकच गणित होतें: अक्षराचे तुकडे जितके कमी, तितकें यंत्राचें काम सोपें. आमचा कारागीर हें गणित न शिकतां करीत होता. पाटीवरच्या 'कोंकणांतील' या एका शब्दाकडे पाहून त्यानें विचारलें, "गुरुजी, यांतलीं दोन्ही टिंबें लागतात का?"

आतां टिंबांच्या बाबतींत आमची भूमिका वाचकांस या लेखावरून दिसतच असेल. १९६२ सालीं मराठी साहित्य महामंडळानें लेखनाचे नियम केले, आणि मराठीच्या डोक्यावरचे अनुच्चारित अनुस्वार एकदम उतरले. आम्ही ते वडिलांच्या हाताखालीं शिकलों, म्हणून लेखणींतून ते अजून गळून पडतात. शाळेंत मात्र छत्तीस वर्षें नव्या नियमांप्रमाणेंच शिकविलें. पाटी ही शाळेच्या बाजूची. गाडींतून जाणाऱ्या माणसाला आमच्या वडिलांचें व्याकरण ठाऊक असण्याचें कारण नाहीं. 'कोकणातील' असें लिहावयास आम्हीं संमति दिली. कारागिराचीं दोन टिंबें वांचलीं. पण 'भांडार' मधल्या टिंबाला हात लावूं दिला नाहीं. तें उच्चारांत आहे.

कायद्याचा भाग थोडक्यांत सांगतों. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानें व आस्थापना कायद्यांत २०२२ सालीं दुरुस्ती झाली. दहांहून कमी माणसें कामाला असलेल्या लहान दुकानांवरही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली. दुसऱ्या लिपीला बंदी नाहीं. पण मराठी आधीं, आणि तिचें अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षां लहान नको. मुंबईच्या किरकोळ व्यापाऱ्यांची संघटना याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली; सप्टेंबर २०२३ मध्यें न्यायालयानें पाट्या बदलण्यास दोन महिन्यांची मुदत दिली. पुतण्यानें मनांत धरलेलें 'वर ठळक इंग्रजी' यामुळें बाद झालें. आमचा त्याच्या इंग्रजी ओळीला विरोध मुळींच नव्हता. बंगळुराहून आलेल्या कुटुंबालाही आंबापोळी खाण्याचा हक्क आहे.

पण 'लहान नको' म्हणजे मोजायचें कोठून कोठवर? इंग्रजी मोठें अक्षर बारा इंचांचें म्हटलें, तर तें बाराच्या बारा इंच भरून असतें. मराठी ओळ बारा इंचांची म्हटली, तर वरच्या मात्रेला तीन आणि खालच्या उकाराला तीन इंच जाऊन अक्षराच्या धडाला सहाच उरतात. कागदावर दोन्ही सारखीं, आणि रस्त्यावरून पाहतां मराठी इंग्रजीच्या निम्मी! अशा पाट्या आपल्याकडे पुष्कळ दिसतात. कायदा पाळला जातो आणि मराठी वाचली जात नाहीं. आम्हीं मापाची पट्टी शिरोरेघेवर ठेवून कान्याच्या पायापर्यंत मोजायची, असें ठरविलें. या धंद्यांत एक ठोकताळा आहे, कीं दर दहा फुटांना एक इंच उंचीचें अक्षर निवांत वाचतां येतें. रस्त्याची पलीकडची कड साठ फुटांवर, म्हणजे सहा इंच. चालत्या गाडीसाठीं जवळजवळ दुप्पट, म्हणून अकरा. इंग्रजी ओळ तिच्याखालीं, पांच इंचांची.

राहिला मुख्य वाद: अक्षर कोणाचें? संगणकांतलें, जाड, एकसारख्या रेघेचें, पुतण्यानें निवडलेलें; कीं जुन्या पाटीवरचें? भावजय आतांपर्यंत गप्प होती. एका संध्याकाळीं तिनेंच विचारलें, "भाऊजी, ही पाटी बघायची आहे कीं वाचायची? वाचायची असेल, तर वाचून बघूं या." प्रश्न आम्हां दोघांसही होता. दुसऱ्या दिवशीं आम्हीं घरच्या ओटीवर प्रयोग मांडला. 'भांडार' हा शब्द काळ्या जाड कागदांतून दोन प्रकारें कापून घेतला, एकदां संगणकाच्या अक्षरांत आणि एकदां जुन्या पाटीचा फोटो मोठा करून त्यावरून. पाठीमागें बटर-पेपर लाविला, त्याच्याही मागें नळीचा दिवा. अंधार पडल्यावर सारे अंगणाच्या पार टोंकाला, आगराच्या गडग्यापाशीं जाऊन उभे राहिलों.

जाड अक्षर पेटलें, आणि चष्मा सारखा करीत भावजय म्हणाली, "मांडार." पुतण्या जवळ गेला, परत आला, डोळे चोळून पुन्हां पाहिलें. त्यालाही 'मांडार' च दिसलें. काळोखांत उजळ रेघ असते त्याहून जाड भासते. रेघेचा उजेड बाजूच्या अंधारावर सांडतो. 'भ' आणि 'म' यांच्यांत भेद काय तो शिरोरेघेच्या डावीकडच्या मोकळ्या जागेचा. रेघ आधींच जाड, त्यांत उजेडानें ती आणखी फुगली, आणि ती मोकळी जागा बुजून गेली. मग दुसरा कागद लाविला. भावाचा 'भ' डावीकडे ऐसपैस मोकळा होता, तो मोकळाच राहिला. त्याच्या बारीक रेघा, ज्यांची आम्हांस काळजी होती, त्या उजेडानें भरून नेमक्या पाहिजे तेवढ्या झाल्या. पुतण्या कांहीं वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "पण खालची ओळ बाबांच्या अक्षरांत नको. ती वाचतां येत नाहीं." तीही लावून पाहिली. लहान आकारांत त्या नाजूक रेघा खरोखरच विरून जात होत्या. ती ओळ संगणकाच्या साध्या अक्षरांत करावयाचें ठरलें, आणि तींतलें 'अस्सल' भावजयीनें काढून टाकलें. म्हणाली, तें चाखणाऱ्यानें म्हणावें.

अक्षर ठरल्यावर पाटीचा प्रकार आपोआप ठरला. एवढ्या बारीक रेघांत दिवा मावत नाहीं, म्हणून सुटीं उजळ अक्षरें अशक्यच. आम्हीं सुचविलें तें असें: काळसर रंगाच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांत अक्षरें कोरून कापावीं, मागें दुधी ॲक्रिलिकचें तावदान लावावें, आणि सबंध पाटी मिळून एकच पेटी असावी. उजेड फक्त अक्षरांतून बाहेर येतो. शिरोरेघ कोठेंही तुटत नाहीं. अनुस्वार हें पत्र्याला पाडलेलें भोंक; वाऱ्यानें भोंक उडून जात नाहीं. कारागिरानें हें ऐकून थोडा वेळ मान हलविली, आणि मग 'गुरुजी, देवळांच्या पाट्यांना करतात तसें' असें म्हणून त्यानें तें आपलेंसें केलें. खर्चही सुट्या अक्षरांपेक्षां थोडा कमीच आला.

अक्षर या शब्दाचा अर्थ न झिजणारें. तो ज्यानें लाविला तो रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यांत राहिला नसावा. येथें वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो सरळ न पडतां आडवा येतो. म्हणून कांहीं गोष्टी आम्हीं कागदावर लिहून घेतल्या. पेटीच्या तळाला पाणी निचरण्यासाठीं छिद्रें, कारण पाणी आंत शिरणारच, तें बाहेर जावें एवढें पाहावयाचें. विजेचा दाब बारा व्होल्टांवर आणणारी डबी पेटींत नको, गाळ्याच्या आंत, कोरड्या जागीं आणि हाताशीं. बहुतेक पाट्या दिव्यांमुळें नव्हे, या डबीमुळें विझतात. स्क्रू ३१६ जातीच्या पोलादाचे, आणि ते व ॲल्युमिनियम यांच्यामध्यें नायलॉनच्या चकत्या. खाऱ्या दमटपणांत दोन धातु एकमेकांस टेकले कीं त्यांतला एक दुसऱ्याला खातो. पेटीची खोली पांच इंच आणि दिव्यांत चार चार इंचांचें अंतर, म्हणजे अक्षरांत उजेडाचे ठिपके दिसत नाहींत.

रंगाचा प्रश्न पाखरांनीं सोडविला. पुतण्याला निळसर पांढरा उजेड हवा होता, शेजारच्या मोबाइलवाल्यासारखा. मृगाच्या पहिल्या सरीनंतरच्या रात्रीं त्या दुकानासमोर पंखवाल्या वाळवीचा असा ढीग पडला कीं तेथल्या मुलानें दोनदां केरसुणी फिरविली. निळसर उजेडावर पाखरें अधिक येतात, पिवळसर उजेडावर कमी. आंबापोळीच्या दुकानांत पाखरें चालणार नाहींत, हें पुतण्याला सांगावें लागलें नाहीं. बदलते रंगही मग कोणी काढले नाहींत.

पाटी गणपतीच्या आधीं चार दिवस लागली. भाड्याच्या भाषेंत उत्तर मिळालें कीं नाहीं, तें पुतण्याची वही सांगेल; दिवाळीपर्यंतच्या तिच्यांतल्या आंकड्यांवर तो नाखूष नाहीं, एवढें आम्हांस ठाऊक आहे. जुना पत्रा नव्या दुकानांत गल्ल्यामागें टांगावा असें त्याच्याच मनांत आलें, पण भावजय नको म्हणाली. बाहेर आहे तेवढें पुरे, दिवसभर पाठीशीं नको. पत्रा आतां आमच्या माळ्यावर कापडांत गुंडाळून ठेवला आहे. पाटी रात्रीं साडेदहाला आपोआप विझते. कारागिराचा शेवटचा हप्ता बाकी आहे. तो हापूसच्या पेट्या सुटूं लागल्या कीं द्यावयाचा आहे.